मबरूकाचा हात

ऐन हामिया या गावच्या हमामात मबरूका एकेचाळीस वर्षं बायकांचं अंग चोळून द्यायचं काम करत होती. कुणाच्या कंबरेवर तीळ आहे, कुणाच्या पोटावर कसला व्रण आहे, कुणाच्या दंडावर नवऱ्याची बोटं उमटलीत, सगळं तिने पाहिलेलं. पण वाफेच्या बाहेर शब्द म्हणून जायचा नाही. त्यामुळे गावात तिचा दरारा नगराध्यक्षापेक्षा जास्त होता.

गाव आमचं वाळवंटाच्या काठावरचं. खजुराची झाडं, भाजीची काचघरं, आणि मधोमध रोमन लोकांनी बांधलेला दगडी हौद. तोच आमचा हमाम; झऱ्याचं कढत पाणी फरश्यांखालच्या पाटाने त्यात येतं. दोन हजार वर्षांत ते तसूभरही निवलं नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. खरंखोटं करायला एकही रोमन शिल्लक नाही. सकाळी पुरुष, दुपारी बायका. दारावर लाल टॉवेल लटकला की पुरुषाने त्या गल्लीत फिरकायचंही नाही. वसंतात लिबियातून बसच्या बस भरून दुखरे गुडघे येतात आणि बरे होऊन जातात.

एकच पथ्य आहे. पाण्याला नाव ठेवायचं नाही. झरा सिदी बू हलाल या पीराच्या कृपेचा. त्याला कुणी वाईट बोललं तर अंगभर पुरळ उठतं, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. साबण भिकार म्हणा, चोळणारी हारझा आळशी म्हणा, पण पाण्याबद्दल ब्र काढायचा नाही.

मबरूकाची पद्धत ठरलेली. हौदातल्या दोन बादल्या, विहिरीच्या गार पाण्याची एक, तांब्याच्या घंगाळात मिसळायचं, कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मान डोलवायची. रमजाननंतर एका दुपारी तिने हौदात हात घातला आणि तसाच धरून ठेवला. हाताला चटका बसला नाही. पाणी नुसतं ऊनऊन लागलं.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पाणी निवलं. मबरूकाच्या मनात ते आलंसुद्धा नाही. तिच्या मनात आली तिची आई. आईसुद्धा इथलीच हारझा. शेवटी शेवटी तिच्या बोटांना ऊनगार कळेनासं झालं, तिने ते लपवलं, आणि एका नवरीचा खांदा भाजला. त्या संध्याकाळी आईने चोळायचा खरखरीत हातमोजा खिळ्याला अडकवला. त्यानंतर तीन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि गेली.

मबरूकाने घरी बोटांना सुई टोचून पाहिली. कळली. पण सुई तर आईलाही कळायची. तंदुरात हात घालून भाकरी थापताना मबरूका आयुष्यात कधी कळवळली नव्हती, तेव्हा त्या परीक्षेलाही काही अर्थ नव्हता. तिने हाय खाल्ली. कुणाला भाजू नये म्हणून ती घंगाळात गार पाण्याची आणखी अर्धी बादली ओतू लागली.

बायका कुडकुडू लागल्या.

"मावशी, आज जरा गार नाही का गं?" एकीने चाचरत विचारलं.

"लग्न कर, ऊब येईल," मबरूका म्हणाली. सगळ्या हसल्या. पण कपडे घालायच्या खोलीत कुजबुज ऐकू आलीच: "म्हातारी झाली. अंदाज गेला तिचा." मबरूका ओल्या दगडावर बसून राहिली. घरी एकट्या बाईने दिवसभर करायचं तरी काय, हे तिला सुचेना.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, सालहाच्या नसरीनचं लग्नाचं न्हाण होतं. सालहा शेजारीण; तिच्या न्हाणाचं पाणीही मबरूकानेच ओतलं होतं. हमामात मेणबत्त्या लागल्या, बायकांनी दरबुका बडवून गाणी म्हणायला सुरुवात केली. मबरूका रात्रभर झोपली नव्हती. तिने सालहाला खांबाआड ओढलं.

"पाणी दुसऱ्या कुणाला तरी ओतू दे."

"का? माझ्या पोरीवर राग आहे तुझा?"

"राग कसला, वेडे. माझा हात..." तिने उजवा हात पुढे केला. "माझा हात मेलाय, सालहा. आईसारखा. मला चटका कळत नाही."

सालहाने तिचे दोन्ही हात धरले. तेवढ्यात हौदातून खणखणीत आवाज आला.

"अगं ए मबरूका! तुमचं पाणी थंडगार झालंय!"

हाजा मरदिया. लिबियातल्या त्रिपोलीची. बावीस वर्षं दर वसंतात येणारी, हमामातल्या कुणाहीपेक्षा रुंद, आणि आमच्या सिदीचं काही देणं न लागणारी. हौदात गळ्यापर्यंत बसून ती ओरडत होती, "सव्वाशे कोस बसमध्ये हाडं खिळखिळी करून आले ती काय कोमट सूपमध्ये बसायला?"

गाणं थांबलं. एका आजीने तोंडावर हात ठेवला. बायका हाजाच्या अंगावर पुरळ उठायची वाट बघू लागल्या. पुरळ उठलं नाही. मग एक म्हणाली, "मलाही वाटत होतं." दुसरी म्हणाली, "मला तर महिना झाला वाटतंय." आणि बघता बघता सगळ्याच बोलू लागल्या.

मबरूका मटकन खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली. दोन हजार वर्षांचा झरा निवला म्हणून इकडे बायका छाती पिटताहेत, आणि ही बाई म्हणते, "थंड आहे ना? नक्की ना? पुन्हा सांग, हाजा, पुन्हा सांग!" तिच्या जिवात जीव आला होता. घरी जाताना तिने किलोभर मकरूद घेऊन गल्लीत वाटली. सुतकात मिठाई वाटणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

झऱ्याची राखण करणाऱ्या धाऊने दुसऱ्या दिवशी पाटावरच्या फरश्या उचलल्या. कुणाच्या तरी काचघराकडे जाणारा गार पाण्याचा नळ फुटून थेट पाटात सांडत होता. झऱ्याला काही झालं नव्हतं. पुरुषमंडळी तीन आठवडे दात वाजवत अंघोळ करत होती आणि एकानेही चकार शब्द काढला नव्हता, हेही तेव्हाच उघडकीला आलं.

नळ सांधला. अर्धवट राहिलेलं न्हाण शनिवारी झालं. नसरीन चौथऱ्यावर बसली, मेणबत्त्या लागल्या, हाजा मरदिया सगळ्यांत पुढे. मबरूका हौदाशी गेली. अजूनही तिचा स्वतःवर पुरता विश्वास नव्हता. कोमट पाण्याला सोकावलेला हात तिने डोळे मिटून कोपरापर्यंत खुपसला.

"आई गं! मेले!"

सालहा धावली. "भाजलं का?"

"भाजलं गं बाई, भाजलं!" मबरूकाने तो लालबुंद हात वर धरून सगळ्यांना दाखवला, आणि हमामभर बायकांनी जिभा लववून आनंदाची किलकारी फोडली.