हरवलेला ळ

भाचीनं आज फोनवर ‘बाळ झालं’ असं लिहून पाठवलं आणि माझी नजर त्या ळ-वरच अडकली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या तारनाक्याच्या घरी कॉम्प्युटर आला. इंटरनेटवर अनेकांनी मिळून लिहिलेल्या देवनागरीच्या एका प्रोग्रॅममध्ये ळ-च नव्हता. मी अगदी नवशिकी, तरी बिचकत ळ उमटवणाऱ्या कोडच्या चार ओळी लिहिल्या आणि त्या मंडळींना पाठवण्याआधी बाबांना चालवून दाखवल्या. पडद्यावरचा प्रत्येक ल ळ झाला होता! बाबाही तसाच ल-चा ळ करत हसले, “बाळा, काय केळंस हे!”

चूक सुधारून मी त्या ओळी पाठवल्या. आठवड्यानं परदेशातून ‘तुमच्या ओळी प्रोग्रॅममध्ये घेतल्या’ असं उत्तर आलं, तेव्हा माझ्याआधी बाबाच ओरडले, “हौ, घेतळं!”

आता ळ कुठल्याही फोनवर उमटतो. मला मात्र ‘बाळा’ म्हणणारं कुणी उरलं नाही.