अकरावी खाच

आमच्या ब्रिम्बलच्या खोऱ्यात कुणी शहरातून येऊन मोठं घर बांधायला काढलं, की आम्ही त्याला आधीच सांगून ठेवतो, "रॉझकडे जाणार असशील तर नदीचं नाव काढू नकोस. डोंगर मागितलास तर देईल." नवख्याला ती थट्टा वाटते. पण रोझलिन टिअर्नीनं तीस वर्षांत चाळीसेक घरं आखली आणि त्यातल्या एकाही घराची ओसरी नदीकडे तोंड करून नाही. कधी पश्चिमेचं ऊन आडवं यायचं, कधी पुराची भीती, कधी डास. कारणं तिच्याकडे पोत्यानं होती.

घरं मात्र अशी की माणसानं आत पाऊल टाकावं आणि टोपी काढावी. सगळं काम उघड्या लाकडाचं. वर छत म्हणून फळ्या ठोकायच्या नाहीत, भिंतीला गिलावा नाही. छपराच्या कैच्या, तुळया, खांब, त्यांना जोडणाऱ्या लाकडी खुंट्या, सगळं डोळ्यांसमोर. बाहेर तीस-तीस माणसं जेवतील एवढी ओसरी, तिच्या टोकाला दगडी चूल. रॉझ सुतारांना म्हणायची, "गिलावा सगळं पोटात घालतो रे. आपल्याला ती सोय नाही. चुकलात तर ती चूक शंभर वर्षं लोक जेवताना बघणार आहेत."

बाई तोंडाची फटकळ, केस बारीक कापलेले, कानावर पेन्सिल. एकदा लग्न झालं होतं, गुरांच्या डॉक्टरशी. सहा वर्षं टिकलं. तो भला माणूस जाताना म्हणाला, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे कुणीतरी यायचंय म्हणून दार उघडं टाकून बसणं. कोण यायचंय तेवढं एकदा सांगितलं असतंस तर मीही बसलो असतो." रॉझनं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचं एक वागणं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. एखाद्या घरी तलाव असला आणि कुणी त्यात उडी मारली, की रॉझचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. हातातला ग्लास तसाच हवेत राहायचा. पाण्यातून डोकं वर आलं की पुढचा शब्द. लोक हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ते आम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं!

तिचा भाऊ डेस चौदाव्या वर्षी नदीत गेला, एवढं गावाला ठाऊक होतं. काठावर मासे धरताना पाय घसरला, असं नऊ वर्षांच्या रॉझनं धापा टाकत घरी येऊन सांगितलं होतं. माणसांनी दोन दिवस वरच्या अंगाला, विलोच्या झाडांखाली शोधलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला पुलाखाली, वाहून आलेल्या ओंडक्याच्या फांद्यांत. वाहत आला असेल, म्हणाले सगळे.

तो वाहत आला नव्हता.

*

मागच्या वर्षी जूडिथ हॅवलॉक नावाच्या बाई सिडनीहून आल्या. आयुष्यभर शाळेची मुख्याध्यापकी केलेली, नवरा वारलेला, चार लेकींची लेकरं सुट्टीत येऊन राहावीत म्हणून मोठं घर हवं होतं. जागा नेमकी नदीच्या वर. रॉझनं नेहमीप्रमाणे ओसरी डोंगराकडे काढली. बाईंनी चष्मा नाकावर घेऊन आराखडा पाहिला.

"रॉझ, नदी कुठं गेली?"

"पश्चिमेचं ऊन फार येतं तिकडून."

"मग छत पुढं घे हातभर. चाळीस वर्षं मी पोरांच्या सबबी ऐकल्यात, तू मला ऊन सांगतेस?"

वर्गात सापडलेल्या पोरानं वही लपवावी तसा रॉझनं आराखडा गुंडाळला. हे घर सोडून द्यावं असं तिच्या मनात आलं होतं. पण बाई आवडल्या होत्या, आणि वय एकसष्ट झालं होतं, पळून पळून माणूस किती पळणार? तिनं नदीकडे तोंड केलेली चौदा मीटरची ओसरी आखली.

आणि त्याच महिन्यात ब्रिम्बलचा जुना लाकडी पूल उतरवला.

पूल शंभरावर वर्षांचा. सिमेंटचा नवा शेजारी झाला होता, म्हणून जुन्याचं लाकूड क्लॅरी बोवेनच्या वखारीत आलं. क्लॅरी डेसच्याच वर्गातला, आता गुडघे गेलेला, पण लाकूड हुंगून झाडाचं नाव सांगणारा. त्यानं रॉझला फोन केला.

"ये गं, तुझ्यासाठी एक नग बाजूला ठेवलाय. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं ठरवलंय मी."

पुलाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक तिरकी तुळई असायची, रस्त्यापासून वर माथ्यापर्यंत चढत गेलेली. पोरं तिच्यावरून वर चढत आणि माथ्यावरून नदीत उड्या टाकत. रॉझ वखारीत गेली तेव्हा त्यातली एक तुळई समोर पडली होती. पांढऱ्या रंगाचे थर क्लॅरीनं तासून काढले होते, आणि खालून छातीइतक्या उंचीवर खाचा उघड्या पडल्या होत्या. ओळीच्या ओळी, प्रत्येक ओळीआधी नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. जितक्या उड्या तितक्या खाचा. आणि पोरांचा नियम कडक होता. उडी मारणाऱ्यानं स्वतः खाच पाडायची नाही, बघणाऱ्यानं पाडायची, तीही पाण्यातून डोकं वर आल्यावरच. नाहीतर कुणीही उठून पन्नास खाचा पाडल्या असत्या.

"हा मी," क्लॅरी म्हणाला, "सातात आटोपलो. घाबरट होतो. खाली कुणा 'ए'च्या चार आहेत, फार जुन्या. आणि हा बघ, आपला डेस."

'डी'. पुढं खाचा. रॉझनं मोजल्या नाहीत. तिला मोजायची गरज नव्हती.

"तुझ्या हातानं कुठंतरी चांगल्या जागी लाग म्हणून ठेवली," क्लॅरी म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून जरा चाचरला. "नको असेल तर दोन बोटं रंधून काढतो. दहा मिनिटांचं काम. आत लाकूड कोरं आहे."

दहा मिनिटांचं काम! बावन्न वर्षं जे मानगुटीवर बसलंय, ते रंध्याखाली दहा मिनिटांत भुसा होणार होतं. तिनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "हात लावू नकोस."

त्या दिवशी असं झालं होतं. वरच्या डोंगरात पाऊस झालेला, नदी गढूळ आणि चढलेली. डेस म्हणाला, आज नको. लहानग्यांना कधी खाच पाडायला देत नसत, आणि त्या दिवशी पुलावर दुसरं कुणी नव्हतं. रॉझ म्हणाली, "दहावर थांबलास? घाबरट, घाबरट!" त्यानं हसून तिच्या हातात आपला चाकू दिला आणि तुळईवरून वर चढला. पाण्याचा आवाज झाला. तेवढा एकच. रॉझ नदीकडे पाठ करून खाच पाडत होती. जीभ दातांत धरून, सरळ यावी म्हणून. डोकं वर यायची वाट तिनं पाहिलीच नाही. खाच पुरी करून, फुंकर मारून ती वळली तेव्हा खाली नुसतं गढूळ पाणी होतं.

पुलावरून उडी मारायला बापानं बंदी केलेली. पट्ट्याची भीती. म्हणून तिनं घरी विलोच्या झाडांचं नाव सांगितलं. तिच्या शब्दापायी माणसं दोन दिवस भलत्याच जागी शोधत राहिली, आणि तो दुसरा आवाज, वर आलेल्या माणसानं घेतलेला श्वास, तिनं आजवर प्रत्येक पाण्याशी कान लावून ऐकायचा प्रयत्न केला.

*

तुळईचा खांब करायचा ठरला, दगडी चुलीशेजारी, ओसरीच्या कोपऱ्यात. प्रत्येक लाकडाची दर्शनी बाजू कोणती हे आखणारा ठरवतो आणि खडूनं खूण करतो. रॉझनं खाचांच्या उलट बाजूला खूण केली. खाचा चुलीच्या दगडाकडे जाणार होत्या. मध्ये चार बोटांची फट. कुणाला दिसायचं कारण नाही.

क्लॅरीनं मान हलवली. "सगळ्यात देखणं अंग तू भिंतीकडे लावतेस. लपवायचंच आहे तर उलटी उभी करतो, खाचा छताशी जातील."

"शेंडा खाली? तू सुतार आहेस की कोण आहेस?" ती खेकसली. झाड जसं वाढलं तसंच उभं राहिलं पाहिजे, मूळ खाली आणि शेंडा वर. हा नियम तिनं कधी मोडला नव्हता, आणि आजही तिच्यानं मोडवेना. खाचा छातीच्या उंचीवरच राहिल्या, फक्त तोंड फिरवून.

घर पुरं झालं त्या शनिवारी रिवाजाप्रमाणे आढ्याला निलगिरीची हिरवी फांदी बांधली, चुलीवर सॉसेजेस आणि कोकराच्या फऱ्या चढल्या, सुतारांनी बिअरची पहिली पेटी दुपार व्हायच्या आत संपवली. रॉझनं आपल्या आईला आणलं होतं. ऑड्री टिअर्नी, वय एकोणनव्वद, डोळ्यांनी आता कडेकडेचं तेवढं दिसतं, मधलं सगळं गेलेलं. तिचा बाप लाकूडगिरणीवाला, त्यामुळे प्रत्येक नव्या घरी म्हातारी खांब चाचपत फिरायची आणि झाडं ओळखायची. सुतार तिची परीक्षा घ्यायचे. ती कधी हरायची नाही.

"हे टॅलोवुड. मेणचट लागतंय. आणि हे..." ती चुलीजवळच्या खांबाशी आली. तळवा फिरवला. "आयर्नबार्क. जुनं आहे. हा पुलाचा आहे का गं?"

"आई, इकडे ये. खुर्ची ठेवलीय तुला."

म्हातारीनं ऐकलं नाही. तिची बोटं खांबाच्या कडेवरून मागं वळली आणि फटीत शिरली. चार बोटांची फट, पण तिचा हात वाळून वाळून तेवढाच राहिला होता. रॉझला तो हात ओढून काढायचा होता, पण सगळ्यांदेखत आईचा हात ओढायचा कसा? सुतार पलीकडे मोठ्यानं हसत होते. बोटं आत हळूहळू खाली सरकली.

"ह्या माझ्या," ऑड्री म्हणाली. "चार."

"तुझ्या?"

"'ए' काय क्लॅरीच्या कुत्र्याचा? ऑड्रीचा 'ए'. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल. तुझ्या बापाला कळलं असतं तर लग्नच केलं नसतं त्यानं." ती स्वतःशी हसली. बोटं वर गेली. थांबली. एकेका खाचेवर टेकत पुढं गेली, जपमाळ ओढावी तशी. मग तिथंच राहिली.

"त्या दिवशी सकाळी न्याहारीला डेसनं माझ्या कानात सांगितलं होतं, दहा झाल्या म्हणून. बापाला सांगू नको म्हणाला. मातीचे सोपस्कार उरकले आणि दुसऱ्या दिवशी मी पुलावर गेले. मोजल्या. अकरा." तिनं हात बाहेर काढला. "अकरावी कुणीतरी पाडली होती. आणि घरातून त्याच्याबरोबर एकच माणूस गेलं होतं."

बावन्न वर्षं दर रविवारी रॉझ आईकडे जेवत होती. समोरासमोर.

"तू कधी विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू पुन्हा खोटं बोलली असतीस. नऊ वर्षांचं पोर दुसरं काय करणार? आणि आईच्या तोंडावर दोनदा खोटं बोललेलं पोर पुन्हा पुरतं घरी येत नाही. एक गेलं होतं. दुसरं घालवायचं नव्हतं मला." म्हातारीनं पुन्हा खांबावर तळवा टेकवला. "म्हटलं, येईल आपणहून. वाट बघत बसले. फार वेळ लावलास गं."

"मी घाबरट म्हणाले त्याला," रॉझ म्हणाली. एकसष्ट वर्षांची बाई, चाळीस घरं उभी केलेली, खांबाला धरून उभी होती. "आणि मी बघतसुद्धा नव्हते आई. माझी पाठ होती. मी खाच पाडत होते."

"ते मला ठाऊक आहे."

"कसं?"

"खाच सरळ आहे," ऑड्री म्हणाली. "बघत असतीस तर हात थरथरला असता."

तिनं लेकीच्या हाताला धरून खुर्ची चाचपली आणि नदीकडे फिरवून ठेवायला सांगितली. दुसरीही आण म्हणाली. रॉझनं दुसरी आणली आणि शेजारी बसली. खाली पाणी चाललं होतं, त्या मोसमात असतं तसं हिरवट आणि संथ. जूडिथबाई केकची बशी घेऊन आल्या, दोघींकडे पाहिलं, आणि बशी कठड्यावर ठेवून निघून गेल्या.

"आता सांग," आई म्हणाली. "घरातून निघालात तिथपासून. काही गाळू नकोस."

रॉझनं सांगायला सुरुवात केली.