आजी रडत नव्हत्या!

वासंती आजी रडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कोपरीतल्या निम्म्या लोकांना ते अजून पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. गाठ काढली, वर किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला, आजी ठणठणीत झाल्या. पण काही महिन्यांनी डोळे जे गळायला लागले ते थांबेचनात. भाजी निवडताना पाणी, बातम्या बघताना पाणी. शेजारची रंभा म्हणायची, "आजी, मन मोकळं करा हो!" कसलं डोंबलाचं मन? डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं ती नळीच बंद झालीय. त्या डोसनंतर काहींना होतं असं, छोटंसं ऑपरेशन करून टाका.

तर मुलगा सुधीरच आडवा आला. आजींची नात श्रिया, तिचं लग्न ठरत होतं. सुधीर म्हणाला, "आई, लग्न होऊ दे मग बघू. नाकाजवळ पट्टी दिसली की लोक विचारणार, आणि कॅन्सरचं बाहेर येणार. मुलाकडच्यांना कळता कामा नये." झालं! नातीसाठी आजी गप्प बसल्या.

साखरपुड्यात अंगठी घातली, आजींच्या डोळ्यांतून धार. पेढा भरवला, पुन्हा धार. सुधीर मागून कुजबुजला, "आई, पूस ना!"

"अरे, मघापासून तेच करतेय! पदर पिळून दाखवू का आता?"

चार दिवसांनी नवऱ्यामुलाच्या आईचा, कल्पिताबाईंचा मानपाड्याहून फोन आला. जरा बोलायचंय, घरी येते म्हणाल्या. सुधीरचा चेहराच उतरला. "बघ, तुला स्थळ पसंत नाही असं वाटलं त्यांना. मोडणार आता." म्हणजे खापर पुन्हा आजींच्याच डोक्यावर!

कल्पिताबाई आल्या त्या थेट आजींजवळ बसल्या. "आजी, त्या दिवशी तुम्ही सारख्या रडत होतात. काय झालंय, सांगाल मला?"

"अहो, ते आनंदाश्रू..." सुधीर मधेच म्हणाला.

"आनंदाश्रू गेले खड्ड्यात!" आजी कडाडल्या. "थायरॉइडचा कॅन्सर झाला होता मला. त्या औषधाने डोळ्याची नळी बुजलीय. यात पोरीचा काय दोष? तिचं लग्न मोडू नका."

"कॅन्सरचं श्रियाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आम्हाला," कल्पिताबाई म्हणाल्या. सुधीर बघतच राहिला. "मला भीती वेगळीच वाटली. कॅन्सर परत आलाय आणि लग्नात विघ्न नको म्हणून तुम्ही लपवताय, असं तर नाही ना?"

"नाही हो. मागच्याच महिन्यात तपासण्या झाल्या. काही निघालं नाही."

"हुश्श!" कल्पिताबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

आजींना गलबलून आलं. इतके महिने घरात जो तो 'डोळे पूस' म्हणत होता. तुला काही होतंय का, हे विचारायला परकी बाई यावी लागली.

"सुधीर," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख घ्यायला उद्या जातेय मी. तुला यायचं असेल तर ये."