शोभेचं गवत

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या कचेरीत टायपिस्ट होते. कचेरी म्हणजे भाड्याची इमारत. दारावरच्या पाटीचा रंग अजून ओला होता आणि उस्मानाबादहून ट्रकने आलेल्या फायलींच्या गोण्या जिन्यातच पडून होत्या. कोणाचं टेबल कुठे हे ठरायच्या आत पावसाने दडी मारली आणि मला टंचाई शाखेत बसवलं. दिवसभर मी स्टेन्सिल कापायचे : पिण्याचे पाणी बागेस वापरू नये, वापरताना आढळल्यास कारवाई करण्यात येईल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी लाज काढायला तुम्हाला सोपं जाईल.

नवरा अहमदपूरला शाळेत विज्ञान शिकवायचा. शनिवारी दुपारच्या एसटीने यायचा, सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने जायचा. त्यामुळे घर शोधायचं काम माझ्याकडे आलं. बदलून आलेल्या नोकरदारांची झुंबड उडालेली, त्यातून आम्ही बौद्ध. पहिल्या चार घरमालकांनी चहा दिला, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर घर कालच दुसऱ्याला दिलेलं निघालं. चौथ्या घरातून मी अर्धा चहा तसाच ठेवून तणतणत उठले. रस्त्यावर आल्यावर आठवलं की चहा चांगला होता, आणि मग आणखीच राग आला.

पाचवं घर काकूंचं. शेतकरी घरातली विधवा बाई. मुलगा उदगीरकडे गावी जमीन बघायचा, आणि ही इथे एकटी, अर्ध्या घरात. उरलेलं अर्धं भाड्याने. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आणि भिंतीला लागून सामायिक आड. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्या दिवसांत, म्हणजे आडाचं घर मिळणं ही केवढी गोष्ट. काकूंनी आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पानी किती लागतं तुमाला?"

"दोघंच आहोत, काकू. थोडंच."

"आडाचं पानी मान्साला. झाडाला थेंब न्हाई. झाडाला घातलेलं दिसलं की त्याच दिवशी घर खाली."

मी मान डोलावली. तेव्हा माझ्याकडे तुळशीचंही रोप नव्हतं.

पुढच्या शनिवारी नवरा माझ्या माहेराहून, नांदेडहून, कुंडी घेऊन आला. कुंडीत बांबू. पिवळाजर्द, आणि प्रत्येक पेरावर हिरवी रेघ, जशी कोणी ब्रशने ओढलेली. आमच्या आईच्या परसात त्याचं बेट होतं. आम्ही गोदावरीकाठची माणसं, झाडाला पाणी घालताना विचार करायची आम्हाला सवयच नव्हती. मी कपाळावर हात मारला. एक तर पाण्याची अट. त्यात दोनच दिवसांपूर्वी गल्लीतून बांबूची गाडी गेली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, वेळू दारात नको बाई, मेलेल्या मान्साला न्यायला लागतो त्यो. नवऱ्याचं म्हणणं वेगळं. एका राजाने तथागतांना वेळुवन दान दिलं होतं, मग आपण दारात वेळू लावायचा नाही तर कोणी लावायचा?

एवढ्यात काकू भिंतीशी आल्या. "सर, काय आनलं?"

"शोभेचं गवत आहे, काकू," नवरा म्हणाला. नंतर मला म्हणाला की यात खोटं काही नाही, शास्त्राप्रमाणे बांबू हे गवतच.

काकूंनी कुंडीकडे बराच वेळ पाहिलं. जन्म शेतात गेलेली बाई. "म्हैस खाईल का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नुसतं शोभेचं."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना खरंच पटलं होतं का त्या आमची खेचत होत्या, हे पुढची दोन वर्षं आम्हाला कळलं नाही.

न्हाणीच्या मागे, सांडपाणी जाई तिथे, नवऱ्याने खड्डा खणला. बांबू पसरतो हे त्याला माहीत होतं, म्हणून भंगारातून डांबराचं रिकामं पिंप आणलं आणि त्याचं कुंपण जमिनीत पुरलं. पण पुरण्याआधी त्याचा तळ कापून काढला. मुळांना माती लागते म्हणाला. तुरुंग बांधायचा आणि जमीन उघडी ठेवायची, असलं हे विज्ञान. मी तेव्हाच बोलले होते, पण मी पडले टायपिस्ट.

पाण्याचा प्रश्न त्याने असा सोडवला की आडाचं पाणी झाडाला घालायचंच नाही. अंघोळ करायची आणि अंघोळीचं पाणी आपोआप जाईल तिकडे जाईल. नियम मोडला नाही. फक्त रविवारी तो तीनदा अंघोळ करू लागला. काकू माजघरात बसून रहाटाच्या कुरकुरीवरून पोहरे मोजतात हे आमच्या लक्षात आलं, तेव्हा एका दुपारी त्या बाजारात गेल्याचं पाहून मी शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बाटली रहाटात रिकामी केली. रहाट मुका झाला. कचेरीत सकाळी पाणीबचतीचं परिपत्रक आणि संध्याकाळी घरी हे.

आडातलं पाणी खाली खाली जात होतं. दोर आधी पुरायचा, मग त्याला दुसरा बांधावा लागला. मला लाज वाटायची, खरंच वाटायची. पण गावातले कडुलिंबसुद्धा करपलेले असताना न्हाणीमागे ते पिवळं-हिरवं उभं असायचं. ते पाहिलं की माहेर आठवायचं, आणि लाज मी उद्यावर ढकलायचे.

दुसऱ्या वर्षी चार सरी आल्या आणि बांबूने पिंपाखालून वाट काढली. पहिला कोंब भिंतीपलीकडे, काकूंच्या धुण्याच्या दगडाशेजारी निघाला. नवरा अहमदपूरला. मी भिंत ओलांडून गेले, खुरप्याने कोंब उडवला आणि पोलक्यात गुंडाळून आणला. दोन दिवसांनी दुसरा. त्या महिन्यात माझं पोलकं वाऱ्याने बऱ्याचदा पलीकडे पडलं, आणि वारा एकदाही नव्हता.

"काय करायलीस गं माय?" एकदा काकूंनी मागून विचारलं.

"पोलकं पडलं, काकू."

"रोज पोलकंच पडतं. येखाद्या दिशी सरांचा सदरा बी पडू दे." आणि शांतपणे धुणं धुवायला बसल्या. "गवत लई वाढलं की तुमचं," एवढं जोडलं.

त्या शनिवारी मी नवऱ्याला चहाआधी कुदळ दिली. भिंतीलगत गुडघाभर चर खणून आम्ही शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरले, एकाला एक चिकटवून, आणि वरून माती सारली. हे काम मात्र चांगलं झालं. त्यानंतर पलीकडे कोंब गेला नाही. आमच्या बाजूला पिंपाबाहेर जे उगवलं होतं ते कापून मी न्हाणीमागे रचून ठेवलं. आता सगळं आटोक्यात आलं, असं मला वाटलं.

मग थंडी आली. सरपण मिळेना. न्हाणीत बंब थंडगार आणि मागे वाळत आलेल्या बांबूंचा ढीग. पुरावाही जाईल आणि पाणीही तापेल, असा दुहेरी विचार करून एका सकाळी मी हातहातभर तुकडे बंबात सोडले. बांबू चिरून घालावा लागतो, अख्खं पेर तापलं की आतली वाफ त्याला फोडते, हे माझ्या घरातल्या विज्ञान शिक्षकाने मला कधी सांगितलं नव्हतं.

पहिला बार झाला तेव्हा मी साबण लावत होते. दुसऱ्याला बंबाचं झाकण उडून पत्र्याला लागलं. तिसऱ्याला सगळी राख माझ्या अंगावर. कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आले तर गल्ली दारात जमलेली, कोणी म्हणतंय सिलिंडर फुटला, कोणी म्हणतंय गोळीबार झाला, जिल्हा झाल्यापासून काय काय बघायला मिळणार. काकू सरळ न्हाणीत गेल्या आणि अर्धा जळालेला तुकडा चिमट्याने धरून बाहेर आल्या. लोकांना म्हणाल्या, "काय न्हाई झालं. जावा घरी." लोक गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"गवत आसं वाजतं का गं?"

मी अंगावरची राख झटकू लागले.

"वेळू दारात लावला, त्ये सोसलं. वेळू जाळत न्हाईत, वंश जळतो. हितं जाळला न्हाई कुनी आजवर." त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं रागावतील, ओरडतील. तसं झालं असतं तर मीही दोन शब्द बोलले असते. "पाडव्यापर्यंत घर बघा," म्हणाल्या आणि तो तुकडा घेऊन आत गेल्या.

आमच्याकडे असला काही नियम नाही, हे मी बोलू शकले असते. पण या बाईने आडनाव न विचारता घर दिलं होतं आणि मी तिच्याच न्हाणीत तिला न चालणारी गोष्ट जाळली होती, तीही भिऊन, लपवाछपवी करत. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली, कारण पुन्हा तेच : चहा, आडनाव, कालच दिलेलं घर. नवरा दर शनिवारी आला की आम्ही हिंडायचो. मी आता चहा पूर्ण पिऊन उठायचे, पण घर मिळालं नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी भांडी गोणीत भरलेली होती आणि गोणी कुठे न्यायची हे ठरलेलं नव्हतं.

संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या. हातात गुढीची जुनी काठी, वाळवीने पोखरलेली, मध्येच मोडलेली.

"बाजारात एक बी धड न्हाई औंदा. समद्या वाळून चिरल्यात." घसा खाकरला. "तुमच्या गवतातली एक सरळ बघून दे."

दोन महिने गिळलेला राग माझ्या तोंडाशी आला. "माणसाला न्यायला लागतं ना ते, काकू?"

"मग गुढीला काय बाभळीचं खोड लावू?"

मी विळा घेऊन गेले. आमच्याकडे गुढी उभारत नाहीत, त्यामुळे काठी कशी हवी याचा मला काही अंदाज नव्हता. बेटातली सगळ्यात सरळ, सगळ्यात पिवळी काठी तोडली, पानं काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि भिंतीवरून दिली. काकूंनी ती एक डोळा मिटून, टोकापासून बुडापर्यंत पाहिली.

सकाळी गुढी उभी राहिली. गल्लीतल्या साऱ्या गुढ्यांच्या काठ्या मातकट आणि ही एकटी पिवळीधमक, हिरव्या रेघांची. लोक थांबून बघत होते. कोणीतरी विचारलं, कुठून आणली? "घरचीच हाय," काकू म्हणाल्या.

मी भिंतीशी उभी होते. त्या माझ्याकडे न बघता गुढीकडे बघत म्हणाल्या, "आखूड झाली जरा. औंदा चालंल. पुढच्या पाडव्याला हातभर उंच पायजे."

"पुढच्या पाडव्याला आम्ही कुठं असू, काकू? आज घर सोडायचंय ना."

"आन् रहाटाला तेल कोन घालंल?" त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमत वाकायला."

मी तिथेच भिंतीवर हात टेकून रडले, आणि रडता रडता हसू आलं. नवरा आतून विचारत होता काय झालं, त्याला सांगितलं, गोणीतली भांडी काढ.

रहाटाला मात्र मी पुन्हा कधी तेल घातलं नाही. उन्हाळा सरेपर्यंत तो पहिल्यासारखा कुरकुरू लागला. कुरकुरू दे म्हटलं, काकूंना घरात बसून पोहरे मोजता येतात.