चंदेरी कोठी
ऊन चढलं की आमच्या धान्याच्या कोठीला अजून चंदेरी रंगाचा वास येतो आणि मला तो दिवस आठवतो. एरंडोलजवळच्या आमच्या केळीच्या बागेत टीव्ही मालिकेचं शूटिंग होतं, दुसऱ्या ग्रहावर एकटीच उतरलेल्या बाईची गोष्ट. दिग्दर्शकाच्या आधीच्या दोन मालिका मधेच बंद पडल्या होत्या, असं लोक बोलत. मी शेतातून आले तर त्याची माणसं आमची पत्र्याची कोठी यान करायला घेऊन गेलेली. कोठीच्या तळाशी, कडुलिंबाच्या पाल्याखाली, माझी वही होती. चौथी शिकलेली सून लिहिते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा चेहरा पाहून सासूबाई म्हणाल्या, "रिकामी कोठी शे, सोनं शे का तीमा?" मी बांधावर जाऊन उभी राहिले. दिग्दर्शक कोठीत वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. मग माझ्याकडे बघून हसला, "ताई, संध्याकाळी जशीच्या तशी मिळेल." मला ते हसणं आवडलं नाही. कोठी चंदेरी होऊन आली. वही पाल्याखालीच होती, पण लिंबाची एक काडी तिच्यात खुणेसारखी घातलेली होती. काही महिन्यांनी मालिका लागली. यानातली बाई म्हणाली, "इथं माझं ऐकायला कोणी नाही, म्हणून मी वहीला सांगते." माझ्या वहीतलंच वाक्य. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, "कशी येडी बाई शे!" मी मान खाली घालून गहू निवडत राहिले. ती मालिका खूप चालली म्हणतात. वही आता मी दुसरीकडे ठेवते; कुठे, ते इथेही लिहिणार नाही.