उपाशीपोटी वाढणारे सायमनराव

चाकणच्या कंपनीत मी नवा फिटर म्हणून लागलो, तेव्हा सायमनराव साळवे आमचे सुपरवायझर होते. पहिल्याच शुक्रवारी नमाजाला कसं जायचं या विचारात मी मशीनपाशी घुटमळत होतो. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "जा रे रफिक. तुझा जुम्मा मी सांभाळतो, माझा रविवार तू सांभाळ." ते निवृत्त होईपर्यंत आमची ही अदलाबदल चालली. कामात ढिलाई दिसली की ते सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत करत, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच माणसाला शेजारी बसवून घेत.

पण त्यांची खरी ओळख पटली ती चिखलीत. तिथे आबांच्या पत्र्याच्या दोन शेड आहेत. आबा म्हणजे गावचे जुने शेतकरी, आता जागामालक. एका शेडमध्ये आमची मशीद, लागून दुसरीत सायमनरावांचं चर्च. गुड फ्रायडे म्हणजे शुक्रवारच, आणि शुक्रवारी दुपारी जुम्मा! एका वर्षी त्यांची उपासना आणि आमचा खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, दोन्हीकडचे भोंगे असे भिडले की पोरं हमरीतुमरीवर आली. आबा कडाडले, "पुन्यांदा कालवा झाला तर दोगांनीबी जागा मोकळी करायची! मला न्हाई पायजे ही कटकट." मशिदीला काय, चर्चला काय, आजकाल जागा देतं कोण, राव?

सायमनराव त्याच संध्याकाळी एकटे इमामसाहेबांकडे आले. चहा झाला आणि तोडगा निघाला: भोंगे दोघांनीही बंद ठेवायचे, आणि आमच्या नमाजाच्या वेळी त्यांच्याकडे मूक प्रार्थना करायची. त्यांच्याच मंडळीतले काहीजण कुरकुरले. "का? मनातलं देवाला ऐकू येत नाही?" असं विचारून सायमनरावांनी त्यांना गप्प केलं.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला सगळं सुरळीत पार पडलं. आमची कमिटी इतकी खूश, की उपासना संपताच मटण बिर्याणीचा हंडा थेट चर्चच्या दारात नेऊन ठेवला. झालं! त्यांचा कडक उपास आणि त्यात मटण! "चेष्टा करता का आमची?" त्यांचा एक तरुण ओरडला. आमचेही बाह्या सरसावून पुढे झाले. आबा फाटकातच उभे होते. गेली जागा, असंच मला वाटलं.

सायमनराव मात्र पोट धरून हसत सुटले. "अरे भावांनो, माया करणारा काही पंचांग बघत नाही. येत्या रमजानात आपणही यांना भर दुपारी सरबत पाठवू. फिटंफाट!" मग दोन्हीकडचे सगळेच हसायला लागले. त्यांनी अंगणात सतरंज्या घालायला लावल्या, आम्हाला बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. तरी "अजून घ्या, लाजू नका" हा आग्रह चालूच. आबांनी दोनदा मागून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, "सायमन, तू हायेस तवर या शेडींना कोन हात लावत न्हाई."

म्हणून आज सायमनरावांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांच्या दीर्घायुष्याची दुआ आम्ही मागतो, त्यात प्रेम तर आहेच, पण उघड सांगतो, दोन्ही शेडींचा स्वार्थही आहे. अल्लाह त्यांना निरोगी शंभरी देवो, भूक आणि दात शाबूत ठेवो. आणि आता त्यांनी निवांत मांडी घालून बसावं. वाढायला आम्ही आहोत.