पडद्याच्या पल्याडचा हिरो

जालन्याच्या दवाखान्यात शेवटचं बोलणं झालं तेव्हा माझ्या बायकोच्या, मथुराच्या, डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं आणि तिचा सगळा राग त्या सुईवर होता. मरणाचं तिला काही वाटत नव्हतं. "अवो, त्या सिस्टरबाईला सांगा, सुई उजव्या हाताला टोच म्हणावं. ह्यो माझा कामाचा हात हाय." मी चमच्यानं वरणभात भरवायला गेलो तर तोंड फिरवलं. मंग थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "ईश्वरीचा हात कुणाला बदलू देऊ नका." ईश्वरी म्हणजे आमची नात. यंदा पहिलीत गेली, आजीसारखीच डावखुरी. मी म्हटलं, "बरं." उभ्या संसारात मी तिला इतक्या जल्दी कधी बरं म्हटलं नव्हतं. तिला शंका आली असावी, माझ्याकडं बघतच राहिली… दुसऱ्या दिवशी पोरगा दवाखान्यातून एकटाच बाहेर आला, तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही.

मथुरा मेंढरं राखणाऱ्या घरातली. रानात वाढली, तिथं तिच्या हाताला कुणी नावं ठेवली नव्हती. आमच्या घरी आली आणि माझी माय हात धुऊन मागं लागली. डाव्या हातानं वाढू द्यायची नाही, देवापुढं दिवा लावू द्यायची नाही, विळासुद्धा उजव्या हातात धरायला लावायची. ज्वारी काढताना मथुरा मागं पडायची आणि बायका हसायच्या. मी बांधावर उभा राहून बघायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात शहागडला तंबूतला सिनेमा आल्ता. मधोमध पडदा, मशीनच्या बाजूला आम्ही गडीमाणसं आणि पडद्याच्या पल्याड बायका. कापडातून चित्र तिकडंही बराबर दिसायचं. त्या काळात मारधाडीच्या पिच्चरला एक हिरो पुरायचा नाही. चार हिरो, तीन हिरोइनी, सोन्याच्या बिस्किटांची चोरी, आणि डोंगराच्या पोटात खलनायकाचा लाल-हिरवे दिवे लावलेला अड्डा. आमच्या गावात तेव्हा लाईट नव्हती, पण त्याच्या अड्ड्यातली भिंतसुद्धा बटण दाबलं की सरकायची. आम्ही तोंड उघडं टाकून बसलो.

सकाळी चुलीपुढं मथुरा म्हणाली, "त्यो मिशीवाला हिरो डावखुरा हाय."

"कुणी सांगितलं तुला? उजव्या हातानं गोळी मारतो. मी डोळ्यानं बघितलं."

"मंग मी काय कानानं बघितलं?"

त्यावरून आमचं असं जुंपलं की भाकरी करपली. पण ती काही गप बसणारी नव्हती. बाजाराच्या दिवशी ती तडक लोहाराकडं गेली. दातेरी विळ्याचे दात उजव्या हाताच्या बेतानं घातलेले असतात, डाव्या हातात तो नुसता घासतो. ती लोहाराला म्हणाली, "एवढा मोठा हिरो डाव्या हातानं बंदूक चालवून राह्यला, मंग मला डाव्या हाताचा विळा का न्हाई?" त्यानं हसत हसत उलट्या दाताचा विळा करून दिला. त्या हंगामात मथुरा सगळ्या बायकांच्या पुढं होती. हात कुठला ते ज्वारीच्या धाटाला कळत नाही.

पुढं अंकुशनगरच्या कारखान्यावर मी उसाच्या कामाला होतो, तिथंही आम्ही असले पिच्चर सोडले नाहीत. आता खरं सांगतो, त्यांत खोट पुष्कळ होती. पिस्तुलातल्या गोळ्या सरायच्या नाहीत. खलनायकाला हिरो हातात सापडायचा, तर तो मारायचं सोडून भाषण करायचा. हिरोला चार गोळ्या लागल्या तरी मायच्या मांडीवर डोकं ठेवून तो अर्धा तास बोलायचा. चारही हिरोंना एकेक गाणं, एकेक हाणामारी वाटून द्यायची, त्यात मूळची चोरी कुणाच्या ध्यानात राहायची नाही. मथुरा म्हणायची, "एका कळपात चार एडके घातल्यावर काय व्हनार? टकराच बघत बसा. कळप पाण्यावर कवा जायचा?" आजवर कुठल्या शिकलेल्या माणसाकडून मी त्या पिच्चरांबद्दल याच्यापेक्षा बराबर बोलणं ऐकलेलं नाही.

तरी आम्ही जायचो. का जायचो? एक तर पिच्चरभर एकमेकांची डोकी फोडणारे ते चौघं शेवटी पाठीला पाठ लावून उभे राहायचे. गावात चार भावांचा एक बांध होत नाही, तिथं ते बघून छाती भरून यायची. आणि दुसरं म्हणजे तिचा तो डावखुरा हिरो…

घरात टीव्ही आला आणि एका रविवारी तोच पिच्चर लागला. मिशीवाल्यानं बंदूक काढली. उजव्या हातात! मी उठून उभा राहिलो. "बघ! बघ आता!" मथुरा बघतच राहिली. मंग माझ्याच डोक्यात उजेड पडला. कापडाच्या उलट्या बाजूनं चित्र उलटंच दिसणार. मी म्हटलं, "अगं, तू पडद्याच्या मागं बसल्ती."

ती म्हणाली, "मागं मी न्हाई. मागं तुमी बसल्ता."

त्या दिवसापासून पिच्चर लागला की ती टीव्हीकडं पाठ करून, आरशाच्या कपाटासमोर गोणपाट टाकून डाळ निवडत बसायची. मी म्हणायचो, रुसली. "अगं, इकडं तोंड कर." "मला दिसून राह्यलं," म्हणायची. मला वाटायचं, मुद्दाम बोलती.

तेराव्याला माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पंगतीत ईश्वरीच्या हातावर चापट मारली. "डाव्या हातानं घास घेती का गं? आज्जीचंच वळण!" पोरगी रडली नाही. डावा हात मांडीखाली दाबून उजव्यानं जेवायला लागली, निम्मा भात फ्रॉकवर. त्यानंतर रोज तसंच. मी दवाखान्यात "बरं" म्हणून आल्तो, आणि इथं माझं तोंड उघडेना. आक्का तेराव्यानंतर इथंच राह्यलेली, आणि ती मायच्या जागी. शिवाय काय बोलावं तेही सुचेना. टीव्हीवर कापड टाकलेलं होतं, घरात नुसता भांड्यांचा आवाज…

मागच्या रविवारी दुपारी सूनबाईनं ते कापड काढलं. "मामंजी, बघा थोडं. सासूबाईंना असं आवडलं असतं का?" पिच्चर त्याच जातीचा, चार हिरोंचा. मला बघवेना. मी उठलो आणि पाठ करून मथुराच्या गोणपाटावर बसलो. मान वर केली आणि समोर कपाटाच्या आरशात सगळा पिच्चर चालू होता. हिरोनं बंदूक काढली. डाव्या हातात.

इतकी वर्षं ती रुसली नव्हती. ती तिच्या जागेवरून बघत होती.

मी हाक मारली, "ईश्वरी, ये हिकडं. आज्जीच्या जागेवर बस. कोणत्या हातानं मारतोय बघ." पोरीनं आरशात बघितलं, मंग स्वतःच्या हाताकडं बघितलं. आक्का दारातून म्हणाली, "येड लागलं का रे? टीव्ही तिकडं, तोंडं हिकडं!"

"आक्का," मी म्हटलं, "आधी त्या हिरोच्या हातावर चापट मार. जमलं तर मंग पोरीला मार."

आक्का कपाटाजवळ आली, आरशात डोकावली, आणि भिंतीला टेकून बसली. सूनबाईनं चुरमुऱ्याचं ताट आणून ठेवलं. ईश्वरीचा हात मांडीखालून निघाला आणि ताटात गेला. आक्कानं तो बघितला. थोड्या वेळानं विचारलं, "ह्यातला चोर कोणचा रं?"

आता रविवारी आम्ही दोघं गोणपाटावर बसतो, कपाटाकडं तोंड करून. कुणी शेजारीपाजारी आलं तर म्हणतं, "आबा, पिच्चर तर तुमच्या मागं चालू हाय."

ईश्वरी मान न वळवता सांगते, "मागं आम्ही न्हाई. मागं तुमी."